काठ न दिसणारे पाणी : तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावच्या महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचे हे प्रकरण आहे. मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि पुढे काही वर्षे त्याच विभागात त्यांची सहकारी. ज्या कुटुंबांचा यात संबंध आला त्यांच्या खासगीपणाला बाधा येऊ नये म्हणून गाव, महाविद्यालय आणि माणसे यांची नावे मी दिलेली नाहीत. प्राध्यापकांचा उल्लेख केवळ ‘सर’ असा केला आहे. अस्तित्ववाद (माणसाच्या असण्याचा आणि मरणाचा विचार) आणि तौलनिक धर्माभ्यास हे अभ्यासक्रमात एकमेकांपासून दूर ठेवलेले दोन विषय त्यांच्या हातून एकाच प्रश्नावर कसे येऊन मिळाले, त्यातून काय हाती लागले आणि त्यांचे कुठे चुकले, हे नोंदवणे हा या लेखनाचा हेतू आहे.

सर मूळचे घाटावरचे. पुण्यात एम.ए. करून ते कोकणात नोकरीला आले आणि इथेच राहिले. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरच्या मृत्युविचारावर त्यांनी पीएच.डी. केली होती. विभागात दोनच शिक्षक असल्यामुळे समकालीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान सकाळी आणि धर्माचे तत्त्वज्ञान दुपारी असे दोन्ही पेपर त्यांच्याकडेच असत. सकाळच्या तासाला ते किर्केगार्ड, हायडेगर, सार्त्र अशा तल्लीनतेने शिकवत, की तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. दुपारचा तास मात्र परीक्षेपुरता होता. प्रत्येक धर्माचा संस्थापक, ग्रंथ, ईश्वरकल्पना आणि मोक्षकल्पना अशा चार रकान्यांचा तक्ता फळ्यावर काढला जाई आणि आम्ही तो उतरवून घेत असू. हिंदू धर्माच्या पुढे संस्थापकाचा रकाना कोरा राही, बौद्ध धर्माच्या पुढे ईश्वराचा. मुळात हे रकानेच एका विशिष्ट धर्माच्या मापाने कापलेले आहेत आणि म्हणून इतरांच्या वाट्याला कोऱ्या जागा येतात, हे त्या वेळी आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही. सरांच्याही आले नसावे.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळ्यातील मासेमारीबंदी संपून हंगाम भरात आला होता आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक नौका समुद्रात होत्या. कित्येक परतल्या, काही परतल्या नाहीत. आमच्या गावची न परतलेली जी नौका या प्रकरणाच्या मुळाशी आहे, तिच्यावरील खलाशांपैकी एक खारवी समाजाचा होता आणि एक दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या कोकणी मुसलमान समाजाचा. दोघांची घरे बंदराच्या एकाच रस्त्यावर होती. खारवी खलाशाचा धाकटा भाऊ आमच्याकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता.

तो तीन आठवड्यांनी वर्गात आला, तेव्हा अभ्यासक्रमाच्या ओघात हायडेगरच सुरू होता. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात हायडेगर म्हणतो, की एकाचे मरण दुसऱ्याला आपल्या अंगावर घेता येत नाही. दुसऱ्याचा मृत्यू आपण पाहतो, त्याचे दुःखही करतो, पण मरण म्हणजे काय ते त्यातून आपल्याला कळत नाही. ते केवळ स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाण्यातून उमगते. सरांनी हा भाग वगळला नाही. मुलाला त्यातून बळ मिळेल असे त्यांना खरोखर वाटले होते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे कोणी मेलेलाच नाही. मेला असे म्हणायला कोणी तयार नाही आणि आहे असेही कोणी म्हणत नाही. याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?” सरांना उत्तर देता आले नाही. मुलगा वह्या घेऊन निघून गेला. ज्या विषयावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली होती, त्या विषयात हा प्रश्न कुठेच बसत नव्हता. हे त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्या वहीत लिहून ठेवले आहे. ती वही आज माझ्याकडे आहे.

चार दिवसांनी सर त्या घरी गेले. सांत्वनाला जाण्याची रीत म्हणून गेले, अभ्यासासाठी नव्हे. मात्र तिथे त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचा अभ्यास बदलला. घरात वाद चालू होता. थोरल्या काकांचे म्हणणे होते, की उत्तरकार्य उरकून घ्यावे, नाहीतर जीव अडकून राहतो. भटजींनी शास्त्रातील व्यवस्था सांगितली होती : ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याची वाट पाहण्याचा काळ ग्रंथांत साधारणपणे १२ वर्षांचा सांगितला आहे आणि त्यानंतर त्याची प्रतिकृती करून तिचे दहन करावे असे म्हटले आहे. या प्रतिकृतीसाठी पळसाची ३६० पाने शरीराच्या निरनिराळ्या भागांवर वाटून मांडण्याचा विधी आहे; व्यवहारात दर्भाचा किंवा पिठाचा पुतळा करतात. मरण नक्की असेल तर थांबण्याचे कारण नाही, असेही भटजी म्हणाले होते. पण ‘नक्की आहे’ हे शब्द कोणी उच्चारायचे? पुतळा जळला, की त्याच दिवशी त्या सव्वीस वर्षांच्या बाईचे कुंकू आणि मंगळसूत्र जाणार होते. ती एवढेच म्हणत होती, “मी माझ्या हाताने त्यांना मारणार नाही.”

खलाशाची आई ओटीवर बसून होती. सरांनी विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, “मास्तर, रडू येत नाही हो. नुसता घोर लागलाय.” हायडेगरच्या मृत्युविचाराच्या केंद्रस्थानी असलेल्या जर्मन संज्ञेसाठी सर वर्षानुवर्षे ‘चिंताकुलता’ हा शब्द वापरत आले होते आणि तो निर्जीव आहे अशी त्यांचीच तक्रार होती. मराठीतला जिवंत शब्द आपल्याला ओटीवर मिळाला, या आनंदात ते पुढचे काही महिने वर्गात ‘घोर’ म्हणू लागले. नंतर त्यांच्याच ध्यानात आले, की हा शब्द त्या जागी बसत नाही, आणि तो का बसत नाही हेच या प्रकरणातील खरे शिक्षण आहे. हायडेगरची ती अवस्था कोणत्याही एका वस्तूविषयीची नसते आणि तिच्यात माणूस स्वतःच्या असण्यासमोर उघडा पडतो. घोर मात्र नेहमी दुसऱ्या कोणासाठी लागतो : उशिरा येणाऱ्या मुलाचा, परगावी दिलेल्या लेकीचा, समुद्रावर गेलेल्या माणसाचा. किनाऱ्यावरच्या आयाबायांचे अर्धे आयुष्य त्यात जाते. माणसाचे सर्वांत खोल भान स्वतःच्या मरणाचे असते, असे ज्या तत्त्वज्ञानात गृहीत धरले आहे, त्याला हा अनुभव दुय्यम ठरवावा लागतो. सरांनी तो दुय्यम ठरवण्याचे नाकारले आणि आपल्याच प्रबंधाच्या मुख्य निष्कर्षाविरुद्ध लिहायला सुरुवात केली. माझ्या मते त्यांच्या बौद्धिक आयुष्यातील ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, कारण ती करताना त्यांना कोणी भाग पाडले नव्हते.

दालदी खलाशाच्या घरचा पेच वेगळ्या जागी होता. कोकणी मुसलमान शाफई या इस्लामी कायदेपंथाचे आहेत आणि शव समोर नसताना जनाज्याची नमाज, जिला गायबाना नमाज म्हणतात, ती शाफई मतानुसार अदा करता येते. हनफी या दुसऱ्या कायदेपंथाच्या मतानुसार येत नाही. अबिसिनियाचा राजा नजाशी वारल्याची वार्ता आली तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी अशी नमाज अदा केली, हा त्याचा आधार सांगितला जातो. परंतु नमाजेपूर्वी मृताला स्नान घातलेले असावे लागते आणि समुद्रात बुडालेल्याला ते कोणी घातलेले नसते, त्यामुळे शाफई विद्वानांतही या बाबतीत एकमत नाही. बुडून मरण आलेल्याला शहिदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये आहे, आणि घरच्या वडिलांना सर्वांत मोठा आधार त्याचा वाटत होता. खरी अडचण सुनेची होती. विधवेची इद्दत, म्हणजे पुनर्विवाहापूर्वी पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची असते, पण ती मोजायची कोणत्या दिवसापासून? निघून गेल्याच्या, वादळाच्या, की मौलवींनी मृत्यू मान्य केल्याच्या? १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्याने पतीचा चार वर्षे पत्ता नसेल तर पत्नीला न्यायालयाकडून विवाह संपवून घेता येतो, हे सरांनी त्यांना वाचून दाखवले. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तिला लग्न मोडायचे नाही. तिला काय घडले ते हवे आहे.”

त्याच वर्गात मंडणगड तालुक्यातून आलेला एक बौद्ध विद्यार्थी होता. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात आहे आणि त्याच्या आजोबांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर घरातले देव विसर्जित केले होते. त्याने वर्गात सांगितले, की आमच्याकडे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. त्यात मृताला काही पोचवायचे नसते, मागे राहिलेल्यांनी पुण्य करायचे आणि त्याचे अनुमोदन करायचे. मग त्याने किसा गोतमीची गोष्ट सांगितली : मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या आईला बुद्धांनी ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहऱ्या आणायला सांगितल्या. खलाशाच्या भावाने, जो एव्हाना वर्गात परत येऊ लागला होता, लगेच म्हटले, “तिच्या कडेवर मूल तरी होते.” या एका वाक्यावर सरांच्या वहीत अकरा पाने आहेत. शव हे केवळ दुःखाचे निमित्त नसून शोक सुरू होण्याची अट आहे, आणि जवळपास प्रत्येक परंपरेतले विधी ती अट पुरी होईल असे धरून चालतात. ती पुरी झाली नाही की परंपरा स्वतःच अडखळते आणि अडखळलेल्या जागी ती खरोखर कशावर विश्वास ठेवते ते दिसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चार रकान्यांच्या तक्त्याची जागा पुढच्या वर्षीपासून या एका प्रश्नाने घेतली : शव नसेल तर तुमच्या घरी काय करतात?

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे (जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे) ज्याची वार्ता ज्यांना सहजपणे कळली असती त्यांना सात वर्षे कळलेली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. सात वर्षांनी कायदा माणसाला मृत मानू देतो, पण तो नेमका कोणत्या दिवशी मेला याचे गृहीतक कायद्यात नाही. श्राद्धाला तर तिथी लागते. परंपरेने यावर सर्वपित्री अमावास्येचा मार्ग काढला आहे : ज्याची तिथी माहीत नाही त्याचे श्राद्ध त्या दिवशी करावे. शासनाकडे ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याला पंचांगाकडे आहे, ही गोष्ट सरांना फार महत्त्वाची वाटे, आणि ती तशी आहे.

याच काळात सर गाब्रिएल मार्सेलकडे वळले. १८८९ ते १९७३ असा जीवनकाळ असलेला हा फ्रेंच विचारवंत आपल्याकडे सार्त्रच्या सावलीत राहिला आहे. पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे त्याला आघाडीवर घेतले नाही. तो रेडक्रॉसच्या चौकशी विभागात बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करत होता. समोर माहितीची कार्डे, आणि कार्डावरच्या नावाची बातमी विचारायला आलेली आई किंवा पत्नी. कार्डावर मावणारा माणूस आणि तिच्या लेखी असलेला माणूस यांतील अंतर त्याने रोज पाहिले, आणि ‘उपस्थिती’ हा त्याच्या तत्त्वज्ञानातला कळीचा विचार त्या अनुभवाशी जोडलेला आहे. माणूस नजरेसमोर असूनही उपस्थित नसू शकतो आणि दूर असून, अगदी मरणानंतरही, उपस्थित असू शकतो, असे तो म्हणतो. सार्त्रने १९४३ च्या ग्रंथात कॅफेत पिएरला शोधणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. तिथे वेलिंग्टनही नाही, पण त्याच्या नसण्याला काही अर्थ नाही, कारण त्याची वाट कोणी पाहत नव्हते. वाट पाहण्यामुळे नसणे खरे होते, हे सार्त्रने अचूक दाखवले. परंतु त्याचा पिएर बहुधा दुसऱ्या कॅफेत बसलेला असतो. मार्सेलची माणसे परत येणार नव्हती. बंदरावरच्या त्या दोन घरांकडे पाहताना सरांना मार्सेल जवळचा वाटला याचे कारण एवढे साधे आहे. त्यात आणखी एक गोष्ट होती. मार्सेलने डॉक्टरेट पुरी केली नाही, विद्यापीठात अध्यासन मिळवले नाही, अधूनमधून शाळांत शिकवले, नाटके लिहिली, आणि तरीही १९४९-५० मध्ये प्रतिष्ठेची गिफर्ड व्याख्याने देण्यासाठी त्याला स्कॉटलंडमध्ये बोलावले गेले. बढतीच्या वाटेवर अडकलेल्या सरांना या चरित्राचा आधार वाटला असेल तर त्यात नवल नाही.

आता त्यांच्या चुकीविषयी. तुलनेचा पट वाढवताना सर उत्तरेला अलिबागकडे गेले. नवगाव येथे बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, पुरातन दफनस्थळ आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची प्रेते तिथे पुरली, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश वाढला, अशी त्या समाजाची परंपरागत कथा आहे. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमग्रंथामध्ये बुडालेल्या पतीच्या पत्नीविषयी नियम आहे : काठ सर्व बाजूंनी दिसतो अशा पाण्यात पती बुडाला असेल तर तिला पुनर्विवाह करता येतो, काठ दिसत नाही अशा पाण्यात बुडाला असेल तर येत नाही, कारण तो दृष्टीपलीकडे कुठेतरी किनाऱ्याला लागला असण्याची शक्यता उरते. हा नियम वाचून सर हरखून गेले. आपल्या लेखात त्यांनी लिहिले, की कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलींनी ‘काठ न दिसणाऱ्या पाण्या’चा हा विचार शतकानुशतके जपला. हे विधान टिकणारे नाही. बेने इस्रायली शनिवार पाळत, सुंता करत, शेमा ही ज्यू प्रार्थना म्हणत. परंतु रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, ग्रंथपरंपरेपासून ते दीर्घकाळ तुटलेले होते आणि तिच्याशी त्यांचा संबंध प्रामुख्याने अठराव्या शतकानंतर कोचीनच्या ज्यू शिक्षकांमुळे आणि इतरांमुळे जुळत गेला. एका समाजाचा ग्रंथ दुसऱ्या काळातल्या त्याच्याच चालीरीतींवर चिकटवण्याची ही चूक होती. खारवी घरात ओटीवरचे बोलणे ऐकणारे सर इथे ग्रंथालयातून घराविषयी बोलले. मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. लेखाच्या पुढच्या मसुद्यात तो परिच्छेद काढला आणि समासात लिहिले, ‘घरी जाऊन विचारणे राहिले.’ इस्रायलच्या स्थापनेनंतर त्या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेल्यामुळे ते राहूनच गेले.

नोकरीच्या दृष्टीने या कामाची किंमत त्यांनी चुकवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शिक्षकांची कामगिरी गुणांकांत मोजण्याची पद्धत आणली. सरांचे लेख मराठीत होते आणि त्यांचे विषय कोणत्याही एका चौकटीत बसत नव्हते. पदोन्नतीच्या मुलाखतीत अस्तित्ववादाच्या तज्ज्ञांनी हे समाजशास्त्र असल्याचे मत दिले आणि धर्माभ्यासाच्या तज्ज्ञांनी हे तत्त्वज्ञान असल्याचे. त्यांनी हायडेगरवर इंग्रजीत आणखी चार लेख लिहिले असते तर पदोन्नती झाली असती. तेवढी क्षमता त्यांच्यात होती. मला अजूनही या निर्णयाचा राग आहे. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने मृत्यू, दुःख, संघर्ष आणि अपराध यांना सीमास्थिती, म्हणजे माणसाला टाळता न येणाऱ्या स्थिती, म्हटले, आणि पुढे बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस आणि येशू यांना एकाच ग्रंथात शेजारी आणले. माणसाच्या सीमास्थितीचा विचार आणि धर्मांचा तौलनिक विचार एकाच बुद्धीतून निघू शकतो याचा याहून मोठा दाखला तत्त्वज्ञानाच्या निवड समितीला का लागावा, हे मला कळत नाही.

सर सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. खारवी घराने अखेरीस न्यायालयाचा हुकूम घेऊन मृत्यूचा दाखला काढला, कारण घर आणि बँकेतील रक्कम त्याशिवाय नावावर होत नव्हती. पुतळा मात्र केला नाही. सर्वपित्रीला पान वाढले जाते आणि त्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. काकांनी आता बोलणे सोडले आहे. दालदी घरात गायबाना नमाज झाली, इद्दत नमाजेच्या दिवसापासून धरली गेली आणि दोन वर्षांनी सून माहेरी चिपळूणला गेली. वर्गातून उठून गेलेल्या त्या मुलाने बी.ए. पुरे केले, तो मत्स्यव्यवसायातच आहे.

विभागातील दुसरी जागा रिक्त आहे आणि दोन्ही पेपर माझ्याकडे आहेत. मार्सेलची ‘उपस्थिती’ आणि सर्वपित्रीला वाढलेले पान ही एकाच अनुभवाची दोन रूपे आहेत, हे सरांचे मत मला पटत नाही : पानाला तिथी आहे, कावळा आहे, दक्षिण दिशा आहे, घास कोणी ठेवायचा याचा क्रम आहे, आणि ते सगळे बाजूला सारून उरलेल्या भावनेला उपस्थिती म्हटले तर कोरे रकाने मागच्या दाराने परत येतात. सर म्हणतात, की क्रम सांभाळणाऱ्या बाईलाच विचारावे. जूनमध्ये, समुद्र बंद असताना आणि माणसे घरी असताना, मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो प्रश्न देऊन घरोघर पाठवते. यंदा एका मुलीने आपल्या पणजीकडून १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडालेल्या रामदास बोटीची आठवण लिहून आणली आहे. त्या घरातील माणसाचे शव मिळाले नव्हते. सरांनी ते टिपण दोनदा वाचले आणि पणजीला आणखी काय विचारायचे त्याची यादी करायला घेतली.